अण्णांचा भोंगा आणि बर्फावरली बाई

आमच्या घरात देवांच्या खालोखाल मान होता तो भोंग्याचा. खालोखाल हा शब्द मी देवांना वाईट वाटू नये म्हणून वापरला आहे. पावसाळ्यात आमचं पत्र्याचं घर गळायला लागलं की कोरडा कोपरा एकच उरायचा, आणि त्या कोपऱ्यात देव्हारा नसायचा, अॅम्प्लिफायर असायचा. माझी वाकळ त्याच्या अंगावर असायची आणि मी शिंकत बसायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तसे शेतकरी. वालूरपासून तासाभराच्या पायवाटेवर आमचं गाव, गावाच्या अंगाला थोडी काळी जमीन. पण अण्णांचा जीव ज्वारीत कधी रमला नाही. लग्न, जावळ, जत्रा, कुस्त्या, कबड्डीचे सामने, जिथं चार माणसं जमतील तिथं अण्णा आपला भोंगा घेऊन हजर. आणि नुसता भोंगा लावून विडी ओढत बसणारा माणूस नव्हे. माइक स्वतःच्या हातात. सकाळी चुलीपाशी मायची भाकरी थापायचा आवाज सुरू झाला की ओसरीत अण्णांचं ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ सुरू व्हायचं. तीनच्या पुढं त्यांनी कधी मोजलं नाही. मी लहानपणी समजत होते की आकडे तेवढेच असतात.

अण्णांची खरी ऐट कबड्डीच्या सामन्यात. एकेका गड्याला त्यांनी वाटलेल्या पदव्या आठवल्या की अजून हसू येतं. कुणी ढाण्या वाघ, कुणी बिबट्या, कुणी काळ्या मातीचा हिरा. आमच्या गल्लीतला दत्तू दमेकरी होता, कबड्डी हा शब्द तीन वेळा म्हणेपर्यंत त्याचा दम संपायचा. त्यालाही अण्णांनी ‘वालूर रोडचा वादळवारा’ करून टाकलं होतं. बायकांचं मात्र तसं नव्हतं. भोंग्यावर बाईमाणसाचं नाव घ्यायचं नाही, हा अण्णांचा आणि सगळ्या पंचक्रोशीचाच रिवाज. लग्नात आहेर पुकारताना ‘रामरावांच्या मंडळीकडून एक कळशी’ असं म्हणायचे. जत्रेत एकदा एक चार वर्षांची पोर हरवली. ती अण्णांच्या टेबलाला धरून ‘मी अलका, मी अलका’ म्हणून भोकाड पसरत होती आणि अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून पुकारत होते, ‘लाल झगा घातलेली कुनाची तरी लेक हितं हाय हो, ज्याची आसंल त्यानं घिऊन जावं.’ नाव सांगितलं असतं तर आई दोन मिनिटांत आली असती. तासभर गेला. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

गावाला टीव्ही आला तेव्हा तो चालवायचं काम आपोआप अण्णांकडं आलं. चावडीच्या ओट्यावर लाकडी पेटीत तो कुलूपबंद असायचा. पहिल्याच महिन्यात त्याचा आवाज गेला. जिंतूरहून माणूस येऊन दुरुस्त करीपर्यंत अण्णांनी युक्ती काढली. टीव्हीशेजारी आपला भोंगा लावला आणि जे दिसेल ते स्वतःच सांगू लागले. लोकांना ते इतकं आवडलं की दुरुस्तीचा विषय पुढं कुणी काढलाच नाही. बातम्यांत कुणी हात हलवला की अण्णा म्हणायचे, ‘सायब मनायलेत, पाऊस पडंल.’ सायब काय म्हणत होते ते देव जाणे.

माघातला एक रविवार होता, दुपारची वेळ. शेतांत हुरडा निघाला होता. गरम हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ असं पदरात, टोपीत, मिळेल त्यात घेऊन अख्खं गाव चावडीपुढं बसलेलं. पुरुष पुढं, बायका मागं, लिंबाखाली. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला बर्फावरचा खेळ लागला.

‘हां तर मंडळी,’ अण्णा म्हणाले, ‘हे जे पांढरं दिसायलंय ते बर्फ हाय. मीठ न्हाई.’ मग पहिला गडी आला. ‘गड्याच्या पायात इळ्याच्या पात्याचे बूट हायेत. घसरला तर कामातून गेला! गडी निगाला... आरं, आरं, हवेत तीन येढे! शाब्बास रे पठ्ठ्या!’ पुढं बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यानंतर एक मुलगी आली. आखूड झग्यातली, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तीही तशीच निघाली, तशीच उडाली, तशीच एका पायावर उतरली. आणि अण्णांचा आवाज एकदम मवाळ झाला. ‘एक बाई यायलीय. बाई नाचायलीय. बाईनं गिरकी घेतली. बाईचा झगा लय झ्याक हाय.’ मी तेव्हा नववीत होते आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात. गड्यानं मारली ती उडी आणि बाईनं मारला तो नाच, हे मला हुरडा चावता चावता खटकलं. बापूकाकांनी, म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या म्होरक्यांनी, मागं वळून विचारलंच, ‘किसन, हा खेळ हाय का नाच?’ अण्णांनी माइकवरून निकाल दिला. ‘काका, गड्याचा खेळ हाय, बाईचा नाच हाय.’ सगळी चावडी हसली.

तेवढ्यात ती मुलगी पडली. चांगली आपटली, बर्फावरून फरफटत गेली. ‘पडली!’ अण्णा म्हणाले. ‘संपलं मंडळी.’ पण ती उठली. चेहऱ्यावर हसू तसंच, आणि पुढच्याच क्षणाला पुन्हा हवेत. तेव्हा लिंबाखालून माझ्या मायचा आवाज आला. माझी माय चारचौघांत बोलत नसे. घरात बोलायची ती वर्षाकाठचं उरकून टाकायची. ‘नाच कसा काय?’ ती म्हणाली. ‘नाचनारी पडली तर थांबती. ही उठून खेळायलीय की.’ हातात माइक असून अण्णा गप्प, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. मग पडद्यावर आकडे आले. पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक चार. सुटका झाल्यासारखे अण्णा म्हणाले, ‘हे मार्क हायेत. सहापैकी देतेत.’ माय शेजारणीला म्हणाली, ‘बग माय. नुसतं घसरून दाखवलं तर मार्क मिळायलेत. आपुन रोज दोन घागरी घिऊन वढ्याची चढन चढतो, आपल्याला कोन देतंय?’

ते तिनं बोलून सोडून दिलं नाही. आमच्या ओढ्याची चढण म्हणजे निव्वळ काळी माती, त्यात दिवसभर घागरी हिंदकळून कायम ओली. पुरुष तिथं अनवाणीसुद्धा घसरत. दुसऱ्या दिवसापासून बायका वर थांबून खालून येणारीला मार्क देऊ लागल्या. ‘पाच पूर्नांक तीन! शेवटाला पाय वाकडा पडला.’ ‘पाच पूर्नांक आठ! डोईवर तीन घागरी, कडंवर लेकरू!’ ज्यांना पाटीवर एक काढता येत नव्हता त्या पूर्णांकात बोलायला लागल्या. सहापैकी सहा मात्र कुणालाच द्यायचे नाहीत, असं मायनं ठरवून टाकलं होतं. ते का, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी पुढं तीस वर्षं शाळांत खेळाची शिक्षिका होते, राज्याच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहिले. मायइतकी कडक पंच मला कुठं भेटली नाही.

गंमत इथवर. त्या रविवारची दुसरी बाजू माझ्यावर आली. वर्गातली पोरं मला ‘बर्फावरली बाई’ म्हणायला लागली. मी चढाईला निघाले की ‘बाई नाचायलीय’ असं अण्णांच्या आवाजात कुणीतरी ओरडायचं. ते मी सोसलं, दोघांना बदडलंही. पण उन्हाळा गेला, पाऊस लागला, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा जवळ आल्या आणि बापूकाका एका सकाळी चहाला आले. ‘किसन,’ ते म्हणाले, ‘तुजी सुमी जिंतूरला जायलीय म्हनं. पोरींचे खेळ कसे आस्तेत ते आपुन टीव्हीवर बगितलंय. तसला झगा घालावा लागंल. बघ बाबा.’ काकांनी आयुष्यात पोरींचे दोनच खेळ पाहिले होते, एक फुगडी आणि एक तो बर्फावरला. कबड्डी त्या दुसऱ्यात बसत असणार असा त्यांचा प्रामाणिक समज होता. अण्णांनी संध्याकाळी मला सांगितलं, ‘सुमे, जिंतूर न्हाई.’ मी दोन दिवस जेवले नाही. खरं म्हणजे एकच दिवस. दुसऱ्या दिवशी मायनं चुलीमागं बसवून गुपचूप वरणात कुस्करलेली भाकरी दिली.

आमचे खेळाचे सर म्हणजे चाऊस सर. उंचेपुरे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात शिट्टी; मराठीत बोलायला सुरुवात करायचे आणि राग आला की दखनीत शिरायचे. त्यांना ठाऊक होतं की अण्णांना समजावून उपयोग नाही, बोलावून आहे. ते घरी आले आणि माझा विषयच काढला नाही. ‘किसनभाऊ,’ म्हणाले, ‘जिंतूरला भोंगेवाला नाही भेटायलाय. तालुक्याचा सामना, लोकं लय येतात. तुमच्याबिगर कोन हाय?’ अण्णांचा चेहरा उजळला. सर दारातून वळून म्हणाले, ‘तुम्ही येतातच, तर पोरीला घरी ठेवून काय करतात?’ अण्णांनी बराच वेळ अॅम्प्लिफायर पुसला. मग अटी सांगितल्या. सलवार पायापर्यंत. माय बरोबर येणार. आणि पोरीचं नाव भोंग्यावर येणार नाही. ‘भोंग्यावरलं नाव सोयऱ्याधायऱ्यांत जातंय,’ ते म्हणाले. सरांनी तिन्ही कबूल केल्या. तिसरीत काय वाढून ठेवलं आहे हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. एसटी कधी निघेल, कधी वाटेत थांबेल याचा भरवसा नसे. त्या दिवशी नशिबानं गाडी मिळाली. टपावर भोंगा, आत आम्ही सात पोरी, मायच्या मांडीवर धपाट्यांचं गाठोडं. रात्री पाऊस पडून गेल्यामुळं जिंतूरचं मैदान ओलं होतं, त्यावर राख आणि माती पसरलेली. जिल्ह्याच्या संघासाठी याच मैदानावरून पोरी निवडणार होते. मला परभणी पाहायची होती, जिल्ह्याचा संघ काय असतो ते पाहायचं होतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘बाई नाचायलीय’ म्हणणाऱ्या पोरांना तोंडावर काहीतरी सांगायचं होतं. गुण लिहायला एक म्हातारे गुरुजी बसले होते, ते चष्मा घरी विसरून आलेले. पाठीवर नंबर वगैरे थाट तेव्हा आमच्या वाट्याला नव्हता. गुरुजी भोंग्यावर ऐकू येईल तसं लिहीत होते.

सामना सुरू झाला. अण्णांनी रिवाज पाळला. आमची कर्णधार मंगल ही रामराव पाटलांची मधली मुलगी, ती चढाईला गेली की ‘रामराव पाटलांची मधली निगाली’. पलीकडच्या पोरी ‘अमक्याची धाकटी’, ‘तमक्याची पुतनी’. पण मी? ‘माझी लेक’ म्हणावं तर आपल्याच पोरीची जाहिरात, नाव घ्यावं तर रिवाज मोडतो. अण्णांनी तोडगा काढला. मी गेले की ते माइक तोंडापासून दूर धरून खोकायचे. तीन चढायांत मी चौघींना बाद केलं आणि मैदानावर फक्त अण्णांचा खोकला ऐकू आला. मध्यंतरात चाऊस सर गुरुजींच्या कागदावर वाकले आणि ताडकन उभे राहिले. खोकल्याचं काय लिहायचं ते न कळून गुरुजींनी मी बाद केलेल्या चारही पोरी शेवटच्या ऐकलेल्या नावावर, रामराव पाटलांच्या मधलीवर, मांडल्या होत्या. माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. ‘या अल्ला! किसनभाऊ, नाम लो ना! कागजपे तुमारी खासी लिखूं क्या?’ सर ओरडले. गुरुजी अदबीनं म्हणाले, ‘आता शाईनं लिहिलंय सर, खाडाखोड चालत नाही. पुढच्या डावाचं बघू.’ मंगलनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मैत्रीण ती आजही आहे, पण ते चार गुण तिनं परत दिले नाहीत.

मी अण्णांच्या टेबलापाशी गेले. अंगभर चिखल, डोळ्यांत पाणी. ‘अण्णा, कागदावर मी न्हाईच,’ म्हणाले. ‘मी खेळायलेय का न्हाई?’ अण्णा बॅटरीची वायर उगाच पिळत राहिले. ‘लोकं काय मनतील, सुमे. बापच लेकीचं पुकारायलाय.’ माय तिथंच धपाट्यांचं गाठोडं सोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘त्या बर्फावरल्या बाईचं नाव तुमाला म्हाईत नव्हतं, मनून बाई, बाई केलात. हिचं तर तुमीच ठिवलंय.’ मायनं माझ्या हातात धपाटं दिलं, मी ते खाल्लं नाही. मला अण्णांचा फार राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती, की ज्या माणसाला दमेकरी दत्तूसाठी शब्द सापडतात त्याला माझ्यासाठी एक सापडू नये.

दुसऱ्या डावात खोकलासुद्धा थांबला. मी दोनदा गेले, रिकामी परत आले. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागं होतो. पलीकडं तिघी उरलेल्या. मी आत शिरले, एकीला हात लावला, दुसरीच्या खांद्याला बोटं लागली आणि वळताना पाय गेला. काळ्या मातीवर पाय जातो तेव्हा तो आपला राहत नाही. मी तोंडावर आपटले. भोंग्यातून आवाज आला, ‘पडली!’ आणि मग, तोच आवाज, पण फाटलेला, ‘थांबा मंडळी! संपलं न्हाई!’ तिसरीनं माझा घोटा धरला होता. मी कबड्डी कबड्डी म्हणत कोपरांवर सरकत होते, तोंडात राख, कानांत पाणी. रेघ एक वीत लांब होती. ‘सुमन!’ अण्णा ओरडले. ‘सुमन निगाली हो! सुमन उठायलीय! गुरुजी, लिवा, सुमन किसनराव! सुमन, हात लांब कर, आगं लांब कर!’ पंचांनी त्यांना दटावलं, भोंगेवाल्यानं खेळाडूला शिकवायचं नसतं. माझी बोटं रेघेपलीकडं गेली. तिघी बाद. वाघ नाही, बिबट्या नाही, हिरा नाही. अख्ख्या जिंतूरला ऐकू जाईल असं अण्णा नुसतं माझं नाव घेत राहिले, पाचसहा वेळा, आणि मग खरोखर खोकले.

जिल्ह्याच्या यादीत माझं नाव शेवटचं होतं, पण होतं. परभणीला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, ते सांगण्यासारखं नाही. भोंग्यावरलं नाव सोयऱ्याधायऱ्यांत जातं, ही अण्णांची भीती मात्र खरी ठरली. पुढं मला पाहायला आले ते सासरे त्या दिवशी मैदानाच्या कडेला उभे होते. बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘घोटा बरा हाय का आता?’ हल्ली पेपरात बघते, पोरीनं कबड्डी जिंकली की ती रणरागिणी, पळाली की सुवर्णकन्या, आणि बर्फावर घसरली की हमखास परी. गड्यांना परा म्हटलेलं मी वाचलं नाही. माझी नात पुण्यात चाकांचे बूट घालून गिरक्या घेते. तिच्या स्पर्धेत निवेदक ‘नाजूक परी’ म्हणाला तेव्हा मी उठून त्याला तिचं नाव कागदावर लिहून दिलं. नात लाजली. लाजू दे.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते मंगलच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं. जिंतूरनंतर तीनचार महिन्यांत झालं. भोंगा अर्थातच आमचा. जेवणं उरकली, अण्णा आहेर पुकारायला बसले. अमक्याच्या मंडळीकडून परात, तमक्याच्या मंडळीकडून तांब्या. मग आमची कळशी आली. अण्णांनी ती हातात धरली आणि थांबले. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं ते एकदा, लग्नाच्या पंगतीत, आणि तेही उखाण्याआडून. अण्णांचं ते माझ्या जन्माआधीच घेऊन झालं होतं. बापूकाकांनी पान चघळायचं थांबवलं. ‘कौसाबाई,’ भोंगा म्हणाला. घसा साफ केल्याचा आवाज आला. ‘कौसाबाईंकडून एक कळशी.’ बायकांत एकच खसखस पिकली. कुणी मायला कोपरानं ढोसलं, कुणी तिचा पदर ओढला. माझ्या मायनं तोंड पदरात घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मला वाटलं, रडायलीय. मग तिनं डोळे पुसले आणि हळूच माझ्या कानाशी आली.

‘पाच पूर्नांक सहा,’ म्हणाली.

‘एवडे कमी कामून?’ मी विचारलं.

‘उडी झ्याक मारली,’ माय म्हणाली. ‘पर निगायला सतरा वर्सं लावली.’